आत्याचे कच्चे टाके

आमच्या घरात चुका करायचं खातं माझ्याकडे आणि माझ्या नवऱ्याकडे होतं. आत्या चुकत नसे. दूध उतू गेलं तर पातेलं लहान असायचं, बस चुकली तर ड्रायव्हर उतावळा असायचा, आणि कोटाची बाही आखूड झाली तर गिऱ्हाइकाचा हात वाढलेला असायचा. हे शेवटचं तिनं एका चांगल्या पन्नाशीच्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं. तो बिचारा स्वतःच्या हाताकडे बघत बघत घरी गेला आणि पैसे पूर्ण देऊन गेला.

आत्या म्हणजे माझी थोरली नणंद. माझी मुलगी तिला आत्या म्हणते, तिच्यामुळे सगळी गल्ली आत्या म्हणते, मी तोंडावर ताई म्हणते. तिनं लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "मापात बसणारा आला नाही." विषय संपला. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं शिवणकामाचं दुकान. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीवर माणूसभर उंचीचा आरसा आणि कोपऱ्यात कपडे चढवून बघायचा एक बिनडोक्याचा पुतळा. त्या पुतळ्याला आम्ही 'बाईसाहेब' म्हणतो, कारण आत्याचं सगळं ऐकून घेऊनही ताठ उभी राहणारी या घरात ती एकटीच आहे.

तिची कामाची एक रीत होती, आणि त्या रीतीपायी आम्ही सगळे वैतागलो होतो. बाकीचे शिंपी कापड कापतात आणि मशीनवर घालतात. आत्या आधी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घालायची. तेही लागतील तेवढे नाहीत, त्याच्या तिप्पट. मग गिऱ्हाइकाला ते अंगात घालून चालायला लावायची, बसायला लावायची, हात वर करायला लावायची, एकाला तर शिंकायला लावलं होतं. जिथं कापड नीट बसलं आणि ताण आला तिथं पक्की शिलाई. बाकीचा पांढरा दोरा ओढून काढायचा. "एक जरी टाका माझ्या कपड्यात राहिलेला दाखवलात तर नाव बदलीन," ही तिची जाहिरात. कपड्यात नसेलही राहत. आमच्या कंगव्यात, चहात आणि ताटात मात्र रोज निघायचा.

माझी मुलगी याच खोलीत वाढली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. मी दिवसभर वीजबिलाच्या खिडकीवर बसून लोकांच्या शिव्या खाते, नवरा छापखान्यात, त्यामुळे बालवाडी सुटली की ती आत्याच्या ताब्यात. ती पाचाला टेकली होती तेव्हाची गोष्ट. आत्या कुणासाठी तरी शिवलेली टोपी तिच्या डोक्यावर घालून बघत होती. टोपी मोठी, ती घसरून उजव्या डोळ्यावर आली. भिंगरी तशीच पळत सुटली ती थेट बाईसाहेबांवर जाऊन आदळली, आणि वर मान करून म्हणाली, "सॉरी मावशी."

आम्ही पोट धरून हसलो. आत्या हसली नाही. तिनं टोपी सरळ केली, मग पुन्हा उजव्या डोळ्यावर ओढली आणि विचारलं, "माझ्या हातात काय आहे?" तिच्या हातात एवढी मोठी कात्री होती. भिंगरी म्हणाली, "चमचा?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही तिघी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, दिव्यानं आत पाहिलं, फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली. उजव्या डोळ्यानं पोरीनं खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचलं. डाव्यानं फक्त वरचं एक मोठं अक्षर, तेही अंदाजानं.

"डाव्याचा नंबर जास्त आहे, चष्मा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण नुसत्या चष्म्यानं भागणार नाही. अडचण डोळ्यात नाही, मेंदूत आहे."

आत्यानं विचारलं, "मेंदूला काय झालं? बोलते तर चुरुचुरु."

"मेंदू हुशारच आहे. जरा जास्तच हुशार," असं म्हणून त्यांनी एक कागद ओढला आणि चित्र काढायला लागल्या. बाई भल्या होत्या, बाहेर रांग असूनही समजावून सांगत होत्या. म्हणाल्या, डोळा नुसतं चित्र पाठवतो, बघतो तो मेंदू. बाळ पोटात असतं तेव्हाच मेंदूत कोट्यवधी पेशी तयार होतात, आपापल्या जागी सरकत जातात. मग एकेका पेशीला लांब धागा फुटतो. धाग्याच्या टोकाला जणू हाताचा पंजा असतो, तो अंधारात चाचपडत, वास घेतल्यासारखा पुढं पुढं जातो. इकडे नको, तिकडे वळ, असं वाटेत त्याला समजत जातं. डोळ्याकडून निघालेला निरोप असा मध्ये एका ठाण्यावर गाडी बदलून मेंदूच्या पार मागच्या बाजूला पोचतो. पोचलेले धागे दिसेल त्या पेशीशी जोडण्या करतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मग मूल जन्मतं, बघायला लागतं. ज्या जोडणीतून काम होतं ती पक्की होते. जिच्यातून काही येत-जात नाही ती मेंदू काढून टाकतो.

आत्या खुर्चीत पुढं सरकली. "म्हणजे आधी सगळीकडे कच्चे टाके. मग घालून बघायचं. ताण येईल तिथं पक्की शिलाई, आणि उरलेला दोरा ओढून काढायचा."

"अगदी बरोबर!"

"मग चांगल्या हाताचं काम आहे," आत्या म्हणाली. आमच्या ओळखीतल्या एकाही शिंप्याला तिनं असं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही.

"पण इथं काय झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डावा डोळा लहानपणापासून धूसर चित्र पाठवतोय. मेंदूनं त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं. त्याचे टाके सुटत चालले, आणि त्याच्या जागेवर उजव्यानं हातपाय पसरले."

हे मला न सांगता समजलं. एका ओट्यावर दोन जावा असल्या आणि एक चार दिवस आजारी पडली, की ती उठून येईपर्यंत तिच्या डब्यांच्या जागी दुसरीचे डबे असतात. मी विचारलं, "गेलेली जागा परत मिळते का हो?"

"मिळते. पण मेंदू लहान आहे तोवर. सात-आठ वर्षांपर्यंत चांगली मिळते, पुढं अवघड होत जातं. म्हणून चष्मा कायम, आणि रोज दोन तास उजवा डोळा झाकायचा. दोन महिन्यांनी दाखवायला आणा. आणि कंटाळू नका, पोरगी रडणार आहे."

पोरगी रडली म्हणजे काय, गल्ली गोळा झाली. डोळ्याला चिकटवायची पट्टी काढताना भुवईचे केस निघायचे, म्हणून आत्यानं चष्म्याच्या काचेवर घट्ट बसणारी कापडी टोपणंच शिवली. फ्रॉकला जुळणारी, कडेनं उजेड शिरणार नाही अशी, एकावर चांदणी, एकावर मासा. डॉक्टरीणबाईंनी पाहून चालेल म्हणून सांगितलं. पण मासा असो की चांदणी, पोरगी भोकाड पसरायची ती पसरायचीच. पहिल्या रविवारी मी प्रयत्न केला. दहा मिनिटांत तिनं मला चावा घेतला.

"दे इकडं," आत्या म्हणाली. "तुझ्या हाताला गुण नाही. रोजचे दोन तास माझे. तू मध्ये पडू नकोस."

आणि काय सांगू, आठवडाभरात रडणं बंद! मी कामावरून यायच्या आत दोन तास झालेले असायचे, पोरगी खुशीत, आत्या खुशीत. रविवारी ती तिला घेऊन कापडबाजारात जायची. "डोळा तिथं पोचल्यावर झाकू, रस्ता ओलांडायचाय," म्हणायची. यात काय चूक काढणार? मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले की नणंद असावी तर अशी. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून माझ्या शेजारच्या खिडकीवरच्या बाईनं मला ताप आहे का ते हात लावून पाहिलं.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा दवाखान्यात. आत्या तर निकाल घ्यायला आल्यासारखी इस्त्रीचे कपडे घालून. डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं वाचायला सांगितलं. भिंगरीनं वरचं मोठं अक्षर वाचलं आणि थांबली. खालचं विचारलं तर म्हणाली, "तिथं कुणीतरी पुसलंय."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "रोज झाकता ना?"

"रोज!" आत्या म्हणाली. "दोन तास. एक दिवस खंड नाही."

"कसं लावतेस बाळ, दाखव बरं."

भिंगरीनं पिशवीतून माशाचं टोपण काढलं, डाव्या काचेवर नीट बसवलं, आणि उजव्या डोळ्यानं आमच्याकडे बघून छान हसली.

मला काय समजायचं ते समजलं आणि माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अहो ताई, हा तर दुबळा डोळा!"

आत्याची मान वर. "डॉक्टरीणबाई समोर बसून उजवा म्हणाल्या. समोरच्याचा उजवा तो आपला डावा. जन्मभर मापं घेतेय मी, मला शिकवू नकोस."

"मी तिचाच उजवा म्हणाले होते," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

आता आत्या नेहमीप्रमाणे डॉक्टरीणबाईंची खुर्ची चुकीच्या बाजूला आहे असं म्हणणार, हे मला ठाऊक होतं. पण मध्येच भिंगरी उजव्या डोळ्याला बोट लावून बोलली. "आधी आत्या इकडचाच झाकायची. मग मी टेबलावर पडले. मला टेंगूळ आलं. मग आत्या रडली. मग म्हणाली, तिकडचा डोळा थकलाय, त्याला झोपू दे."

आत्या रडली? मी या घरात आल्यापासून तिला रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ती आलेल्यांना कुठं बसायचं ते सांगत होती.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "थकलेला नाही हो तो. बेकार आहे. बेकाराला विश्रांती नाही, काम लागतं. दोन महिने गेले ते गेले. अजून वेळ आहे, पण वाया घालवायला नाही."

बाहेर आल्यावर आत्या बाकावर बसली. गळ्यात टेप तसाच होता, तो काढायचा राहूनच गेला होता. मी दोन महिन्यांचं सगळं तोंडात गोळा करून तिच्यासमोर उभी राहिले. तर ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी उलटं कापलं."

मी तिच्याशेजारी बसले.

"समजत होतं गं मला. आतून समजत होतं. पण पोर आपटायची, माझ्याच नावानं हाका मारायची. मग ते समोरच्याचं माप आठवलं आणि बरं वाटलं." तिनं टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळला. "कापड असतं तर नवीन आणून दिलं असतं. हिचा डोळा कुठून आणू?"

मला तिचा भयंकर राग आला होता आणि भयंकर मायाही आली होती. दोन्ही एकदम आली की काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी समोरच्या टपरीवरून दोन कप चहा आणला.

दुसऱ्या दिवसापासून डाव्या डोळ्याला नोकरी लागली. आत्यानं नवी टोपणं शिवली, उजव्या काचेलाच बसतील अशा आकाराची, डावीकडे लावायला गेलं तर पडतील अशी. पोरगी रडली. आत्या तिच्यासमोर बसली आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यावरही फडकं बांधलं. "आता मलाही दिसत नाही. चल, आपण दोघी मिळून करू." आधी मोठी बटणं निवडायची, मग लहान. मग काळ्या कापडावरचे पांढरे कच्चे टाके शोधून ओढायचे. हे काम तिनं आजवर कुणाच्या बापाला करू दिलं नव्हतं. आम्ही हात लावला तर हातावर मोजपट्टीचा फटका बसायचा.

एका डोळ्यानं शिवणारी आत्या आणि एका डोळ्यानं उसवणारी भिंगरी! त्या दिवसांत गल्लीत जे कपडे गेले ते विचारू नका. एका बाईंच्या झग्याला तीन खिसे आले. आमच्या ह्यांच्या शर्टाला काज एकीकडे आणि बटणं दुसऱ्याच गावाला. पण खरा बळी गेला तो शाळेच्या ड्रिल मास्तरांचा. त्यांच्या पँटीची मागची शिवण पक्की व्हायची होती, नुसते कच्चे टाके होते. भिंगरीनं मोठ्या मेहनतीनं ते शोधून शोधून काढले. फक्त वरचे दोन तिला दिसले नाहीत, त्यांच्यावरच शिवण तगून राहिली. आत्यानं एका डोळ्यानं पाहिलं, पांढरं कुठं दिसेना, म्हणजे शिवण पक्की झाली असं समजून इस्त्री मारली आणि पँट दिली. मास्तर सकाळी सगळ्या शाळेसमोर पायाचे अंगठे धरायला वाकले. मुलांनी म्हणे उभं राहून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मास्तर आले ते मागं वर्तमानपत्र धरून. गळ्यातली शिटी रागानं हलत होती. मी नुकतीच घरी आले होते, दारातच थांबले. आता आत्या सांगणार की मास्तर, तुमचं बसणं वाढलंय. मास्तरही त्याच तयारीनं आले असावेत, कारण उत्तर ओठावर घेऊन उभे होते.

आत्या उठली. "चुकलं माझं, मास्तर. शिवायचं राहिलं. माझीच चूक."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरांकडे पाहिलं. लढाईला यावं आणि समोरच्यानं दार उघडून या म्हणावं, तसं झालं त्यांचं. भिंगरी टेबलाखालून म्हणाली, "ते टाके तर मी..." आत्या गरजली, "बटणं निवड!"

मास्तर गेल्यावर मी विचारलं, "ताई, पोरीनं केलं ते तुम्ही अंगावर का घेतलं?"

"आत्ता कुठं कामाला लागलाय तो डोळा," ती म्हणाली. "पहिल्याच नोकरीत ओरडा बसला तर परत झोपेल."

पुढच्या तपासणीत डाव्या डोळ्यानं दोन ओळी जास्त वाचल्या. मी आनंदानं डॉक्टरीणबाईंचा हातच धरला. आत्या मात्र हूं की चूं नाही. घरी येताना म्हणाली, "पाठ केल्या असतील. बाहेर बसून दुसऱ्या मुलांचं ऐकत होती लबाड." त्याच्या पुढच्या वेळी आणखी एक ओळ, तरी आत्याचं तेच. एकदा चूक मान्य केली तर बाई अशी बदलली, की आता कशावरच विश्वास ठेवेना. झोपलेल्या पोरीच्या पापणीकडे बघत बसायची. मला काळजी पोरीची होती त्याहून जास्त आत्याची वाटायला लागली.

मग बक्षीस समारंभ आला. ड्रिल मास्तरांनी मोठ्या मनानं त्यासाठी काळा कोट आत्याकडेच शिवायला टाकला होता. त्या संध्याकाळी मी घरी पोचले तर मास्तर नुसत्या शर्टावर दारात उभे, घड्याळ बघतायत. कोट तयार होता, बाईसाहेबांच्या अंगावर होता. पण आत्या तो देईना.

"अहो, समारंभ सुरू होईल!" मास्तर मला म्हणाले. "ह्या म्हणतात, वहिनी, तुम्ही आल्याशिवाय कोटाला हात लावायचा नाही!"

"इथं उभी राहा," आत्यानं मला उंबऱ्यावर धरलं. "आता कोटाकडे बघ. काय दिसतं?"

"कोट."

"बघ नीट."

"काळा कोट आहे ताई. चांगला झालाय."

"भिंगरे, ये इकडं." भिंगरी आली. उजव्या काचेवर चांदणीचं टोपण. आत्यानं तिला माझ्या शेजारी उंबऱ्यावर उभं केलं. "आईला सांग."

"सांगितलं की मघाशी," भिंगरी कंटाळून म्हणाली. "कॉलरच्या खाली एक टाका राहिलाय. पांढरा. आत्या विसरली."

मी खोली ओलांडून गेले, कोटाला नाक लावलं, तेव्हा दिसला. कॉलरच्या खाली, नखाएवढा, पांढरा.

तो टाका काही दवाखान्याच्या फळ्यावर नव्हता, आणि कुणी बाहेर बसून मोठ्यांदा वाचला नव्हता. माझे डोळे भरून आले. मी आत्याला म्हटलं, "ताई, खरं सांगा. हिची परीक्षा घ्यायला मुद्दाम ठेवलात ना हा?"

"मुद्दाम कशाला ठेवू? मला दिसलाच नाही," आत्या म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "चुकले गं मी. साफ चुकले! मास्तर, तुम्ही साक्षीदार. माझा टाका राहिला आणि हिनं काढून दाखवला!"

इतक्या आनंदानं चूक कबूल करताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. भिंगरी स्टुलावर चढली, दोन बोटांत दोरा पकडला, ओढून काढला आणि सवयीप्रमाणे खाली टाकला. तो उद्या कुणाच्या तरी चहात निघणार, हे मला माहीत होतं.

"आता तरी कोट देता का?" मास्तर म्हणाले.